पाठीमागची मूठ

आई रेमिशनमध्ये आली. स्कोअर दोन पूर्णांक चार. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी आईचा हात हातात घेऊन हलवला, अगदी हलकेच, कारण हात कुठल्या आजाराचा आहे हे त्यांना माहीत होतं. फाइलवर हिरव्या शाईने लिहिलं, ‘ध्येय गाठले’. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरच्या बाकावरच्या दोन पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याने वाजवल्या नाहीत, पण त्याचे हात टाळीच्या कामाचे राहिले नव्हते.

आता हा परिच्छेद विसरून जा. असं काही घडलंच नाही. आमच्या घरात सगळ्यांनी तसंच ठरवलं आहे, आणि इथपर्यंत वाचलंत म्हणजे तुम्हीही घरातलेच.

आमचं अल्टरचं दुकान आहे. आई नवीन कपडा शिवत नाही. ती म्हणते, नवीन कपडा कोणीही शिवेल, माणूस बदलल्यावर त्याच कपड्यात त्याला परत बसवणं हे खरं काम. लोक जाड होतात, बारीक होतात, कुणाचा एक खांदा आयुष्यात हळूहळू खाली येतो, आणि ते सगळे आमच्या आरशासमोर येऊन कपड्याला दोष देतात. आई कपड्याच्या बाजूने बोलत नाही, माणसाच्याही नाही. टेप काढते.

मी काज-बटण, इस्त्री आणि टोमणे ऐकणं ही तीन खाती सांभाळतो. आई मला टाचणी म्हणते. मी बारीक आहे म्हणून असं बाहेर सांगायचं असतं. खरं कारण तिच्या शब्दांत: “कुठंही ठेवलं तरी कुणाला तरी टोचतोच.” बाबा एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा. निवृत्त झाल्यापासून ते दुकानाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात. आवक चालू असते. जावक बंद आहे.

आता मुठीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

ट्रायलला गिऱ्हाईक येतं तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. कोट पाठीत फुगलेला असतो. अशा वेळी आई गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहते, पाठीवरचं ढिलं कापड हळूच डाव्या मुठीत गोळा करते आणि म्हणते, “आरशात बघा.” आरशात कोट समोरून एकदम झकास दिसतो. पाठ कोणाला दिसत नाही, आणि आई तर माणसाच्या आड गेलेली असते. एकदा एका बँकेतले साहेब आले होते, बढतीच्या मुलाखतीसाठी कोट आत घ्यायला. आरशात बघून म्हणाले, “वा, अंगावर ओतल्यासारखा बसलाय.”

“बसणारच,” आई मागून म्हणाली. “दोन टाके राहिलेत फक्त.”

राहिले होते शंभरेक. साहेब गेल्यावर आईने अख्खी पाठ उसवली, अस्तर सोडवलं आणि संध्याकाळपर्यंत तो कोट आरशात दिसला होता तसा खरोखर करून ठेवला. मी विचारलं होतं, “आई, ही फसवणूक नाही का?” तर म्हणाली, “गिऱ्हाईक ट्रायलवरून खूश जायला पाहिजे. घाबरून गेलं तर घरी जाऊन जास्त जेवतं, माप बदलतं. मूठ धरायची, आणि द्यायच्या दिवसाच्या आत मूठ खरी करायची. खरी केली की ती खोटी नसते.” सव्वीस वर्षं तिची एकही मूठ खोटी ठरली नव्हती. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, इस्त्रीवाला म्हणून सांगतोय. शेवटचा कपडा माझ्याच हातून जातो.

मग एका सकाळी तिच्या बोटात अंगुस्तान जाईना.

अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची धातूची टोपी. तिचं पितळी आहे, बोटाला इतकं सवयीचं की ते घालूनच ती चहा पिते. आईने ते फिरवून बघितलं, साबण लावून बघितला. म्हणाली, “आटलंय हे.” धातू आटत नाही हे तिला कळत होतं. पण बोट सुजलंय म्हणण्यापेक्षा पितळ आटलंय म्हणणं बरं वाटलं असणार.

दोन महिन्यांत सकाळी तिला नळ फिरवता येईना. उठल्यावर दोन-अडीच तास हात लाकडाचे. ब्लाउजची बटणं मी लावायचो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात विचित्र काम: जिने मला बटण लावायला शिकवलं, हजारो लोकांची बटणं जिने लावली, तिची चार बटणं मी खाली बघत लावायचो आणि ती भिंतीकडे बघत विनोद करायची. “तिसरं तिरकं लावलंस. गिऱ्हाईक परत येणार नाही.” दुकान मी उघडायचो. ती इस्त्रीच्या टेबलाच्या गरम कपड्याखाली हात ठेवून बसायची, भट्टीत पाव ठेवल्यासारखे. दहाच्या सुमारास बोटं थोडी सुटली की कातर उचलायची. कातर पाऊण किलोची आहे. तिच्या हातात ती आपोआप चालते. माझ्या हातात तिला मत फुटतं, आणि ते नेहमी डावीकडचं असतं.

डॉक्टरबाई सांध्यांच्याच होत्या. वयाने आईपेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि वही अशी नीट की आईने आधी वहीलाच पसंती दिली. रक्त, फोटो, सगळं बघून म्हणाल्या, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर चालून जातं.

“का पण?” आई.

“चुकून, मावशी. आपलं कोण, परकं कोण, ते ओळखत नाही.”

“आमच्या नात्यात आहे तसं एकदोघांना,” आई म्हणाली. “बरं होईल का?”

“बरं होणं हा शब्द मी वापरत नाही. आपलं ध्येय रेमिशन. म्हणजे आजार असतो, पण गप्प असतो. सूज नाही, दुखणं नाही, रक्तात धग नाही.”

आईने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे तुझ्या बाबांसारखा. घरात आहे, पण आवाज नाही.”

बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी मान हलवली. नोंद घेतली.

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “यात एकच गोष्ट आहे. घाई. हाड एकदा झिजलं की परत येत नाही. आत्ता तुमच्या फोटोत हाड चांगलं आहे. ते तसंच ठेवायचं. म्हणून मी दर तीन महिन्यांनी मोजणार. आकडा दोन पूर्णांक सहाच्या खाली आला पाहिजे. नाही आला तर औषध वाढवणार. तरी नाही आला तर आणखी वाढवणार. थोडं बरं वाटतंय यावर मी समाधान मानत नाही.”

“म्हणजे माझ्यासारखंच,” आई म्हणाली. “माप घ्यायचं, ट्रायल बघायची, नाही बसलं तर परत उसवायचं.”

“अगदी तसंच,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या हे बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

मोजणी अशी असते: अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबायचे. किती दुखतात, किती सुजलेत. मग रक्तातली धग. आणि मग कागदावर दहा सेंटिमीटरची एक रेघ. डाव्या टोकाला ‘एकदम छान’, उजव्या टोकाला ‘अगदी वाईट’, मध्ये पेशंटने स्वतः खूण करायची. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. अठ्ठावीसमध्ये पावलं नाहीत. आईचं सगळ्यात जास्त दुखायचं ते मशीनच्या पायट्यावरचं पाऊल. ती म्हणाली, “म्हणजे पाय ऑप्शनला टाकलेत.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी बघणार पायांकडेही, पण आकड्यात धरत नाहीत.” आई म्हणाली, “चालेल, पाय नापास झाले तरी वरच्या वर्गात जाता येईल.”

मग तिने पर्समधून टेप काढला आणि रेघ मोजली. “नऊ पूर्णांक सात आहे.”

“झेरॉक्समध्ये थोडी आखडत असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“माझं तीन मिलिमीटर दुखणं तुमच्या मशीनने खाल्लं,” आई म्हणाली, आणि उजव्या टोकाजवळ खूण केली.

पहिला आकडा पाच पूर्णांक आठ. डॉक्टरबाईंनी आलेखाच्या कागदावर टिंब काढलं, खाली दोन पूर्णांक सहावर लाल तुटक रेघ मारली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली, सोबत दुसरी. ही औषधं चढायला वेळ लागतो म्हणून पहिला महिनाभर थोडं स्टिरॉइड दिलं, पुलासारखं. तो महिना काय वर्णावा. चौथ्या दिवशी आईने नळ फिरवला. सातव्या दिवशी तिने माझी बटणं लावली, मी नको म्हणत असताना. मग पूल काढून घेतला, जसा घ्यायचाच असतो, आणि आई पुन्हा पाण्यात.

तीन महिन्यांनी आकडा चार पूर्णांक तीन. डॉक्टरबाईंनी टिंब काढलं, लाल रेघेकडे बघितलं आणि नुसतं “हं” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “गोळीचा डोस वाढवते. पुढच्या वेळी खाली आला नाही तर मी थांबणार नाही, इंजेक्शनवर जाऊ.”

घरी येताना कोपऱ्यावर आई म्हणाली, “तोंड बघितलंस तिचं?”

“कुणाचं?”

“डॉक्टरबाईचं. बाही इंचभर आखूड झाली की माझं होतं तसं. बिचारीने किती मनापासून शिवलंय. आलेख काढते, रंगीत पेनं वापरते. आणि मी बसतच नाहीये त्यात.”

“आई, तू गिऱ्हाईक आहेस. शिवणारी ती आहे.”

“मी कापड आहे,” आई म्हणाली. “कापडाने शिवणाऱ्याचं नाव घालवायचं नसतं.”

पुढच्या तपासणीला पाच दिवस उरले तेव्हा तिने मला पहिल्या महिन्याची जुनी चिठ्ठी दिली आणि औषधवाल्याकडे पाठवलं. चिठ्ठी घडीवर फाटली होती. मला वाचता येतं. मी वाचली.

औषधवाला गोळ्या कापता कापता म्हणाला, “टेलर-मास्तरीणबाई कशा आहेत?”

“रेमिशनमध्ये जायचंय त्यांना.”

“जाऊ दे की,” तो म्हणाला. “हवापालट होईल.”

मी पुडी आईसमोर ठेवली. “हे स्टिरॉइड आहे.”

“माहितेय.”

“हे बंद केलंय तुझं.”

“मूठ आहे रे,” ती म्हणाली. “ट्रायलपुरती. पाच दिवस.”

“आणि नंतर?”

“नंतर खरी करायची. गोळी एक चुकवणार नाही, व्यायाम करीन, वजन उतरवीन, सांगितलंय ते सगळं करीन. पुढच्या खेपेपर्यंत आरशात दिसलं तसं होईल.” मग माझ्याकडे सरळ बघितलं. “आजवर माझी एक तरी मूठ खोटी ठरलीय?”

ठरली नव्हती. एवढंच माझ्याकडे उत्तर होतं आणि ते तिच्या बाजूने होतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही तो आकडा हवा होता. सकाळी चार बटणं लावताना मी मनात दोन पूर्णांक सहा, दोन पूर्णांक सहा म्हणायचो, लोक जसं काही तरी म्हणतात तसं. माणूस फार हताश झाला की त्याला बरं व्हायचं नसतं, बरं झाल्याचा कागद हवा असतो.

पाच दिवसांनी तपासणी. डॉक्टरबाईंनी अठ्ठावीस सांधे दाबले. दोनच दुखले. सूज एकावर. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड येत गेला. मी तो बघत होतो, आणि बघवत नव्हता. मग, पेन उचलता उचलता, सहज त्यांनी विचारलं, “स्टिरॉइड बंदच आहे ना?”

आई तोंडाने खोटं बोलत नाही. मूठ धरते तेव्हाही ती फक्त “आरशात बघा” म्हणते, आणि आरशात असतंच ते. ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. नुसतं वळणं होतं, जसं ती ट्रायलच्या वेळी हात मागे करते, मी टाचण्यांची डबी द्यावी म्हणून.

“हो,” मी म्हणालो. “केव्हाच.”

पाठीमागचं कापड धरायला तिला हात राहिला नव्हता, म्हणून मी धरलं. एवढंच झालं. आईने टेप काढून रेघ मोजली, नऊ पूर्णांक सातच होती, आणि डाव्या टोकाजवळ खूण केली. पुढचं तुम्हाला विसरायला सांगितलंय.

हिरव्या शाईनंतर आठ दिवसांत सूज परत आली. आणि मग आईने मूठ खरी करायला घेतली. कोट उसवायला बसावं तशी ती बसली. सकाळी कोमट पाण्यात हात, मग कापडी चेंडू दाबणं, एक ते पन्नास. चाळिसाव्याला डोळ्यांतून पाणी यायचं, ती म्हणायची, “पाण्याला म्हणावं, मोजणी चालू आहे.” चालायला जायची, ऑप्शनला टाकलेल्या पायांनी. साखर सोडली, कुणी सांगितलं नसताना मीठ सोडलं. गोळ्यांच्या वेळा तिने खडूने भिंतीवर लिहिल्या. एवढ्या इमानाने कुणी खोटेपणा केला नसेल. पण कोट उसवला की तो गप्प पडून राहतो. आजार तसा पडून राहत नव्हता. आत काहीतरी आपलं काम आपल्या वेळेवर करत होतं, आणि त्याला ट्रायल नव्हती.

कापायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. आई खडूने आखायची, मी कापायचो. “रेघेवरून, टाचणी. रेघेच्या सल्ल्याने नव्हे.”

तीन महिन्यांनी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा पुडी, पुन्हा “हो, बंदच आहे.” या खेपेला तर मला विचार करावा लागला नाही. दोन पूर्णांक तीन. डॉक्टरबाई म्हणाल्या, “सलग दोनदा. मावशी, असंच टिकलं तर पुढे एक औषध हळूहळू कमी करू.”

बाहेर आल्यावर आई जिन्यात बसली. “अरे, ती आता कमी करायला लागली,” ती म्हणाली. “कपडा अजून माझ्याकडे उसवलेला पडलाय, आणि गिऱ्हाईक तो घालून समारंभाला निघालंय.”

“सांगूया का?”

“आता?” आई म्हणाली. “आता कसं सांगणार? किती आनंदात आहे ती.”

मी सांगायला हवं होतं. जिना चौदा पायऱ्यांचा होता, वर जायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, “बाबांना विचारू.” आई हसली. आम्ही घरी आलो. विनोद फार सोयीचा असतो, दाराला लावला की दार बंद राहतं.

वर्ष झालं म्हणून हातांचे नवे फोटो काढले. डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी उजेडावर लावला. जुन्यात बोटांच्या मुळाशी हाडांचे गोल सांधे गुळगुळीत. नव्यात उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या दोन बोटांना कडेला खाचा. मनगटातही एक. उंदराने अस्तर कुरतडावं तशा.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. फाइल उघडली, दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक तीन, परत फोटो. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “आकडा म्हणतो शांत. फोटो म्हणतो कुणीतरी खातंय. असं होतं कधी कधी. पण इतकं?”

“आकड्याचं काही चुकलं नाही,” आई म्हणाली. “माझं चुकलं.”

“आणि माझं,” मी म्हणालो. मग मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पुडी, पाच-पाच दिवस. आईने मुठीचंही सांगितलं, बँकेतल्या साहेबांच्या कोटासकट, म्हणजे त्यांना नीट कळावं. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

“मी सहा महिन्यांपूर्वी इंजेक्शन सुरू करणार होते,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव घालून कागद तयार होता. त्या दिवशी सकाळी मी तो टेबलावर काढून ठेवला होता.”

“तुमचं तोंड उतरलं असतं,” आई म्हणाली.

“उतरू द्यायचं होतं, मावशी.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “माझं तोंड परत चढतं. हाड चढत नाही.”

आई त्या उजेडावरच्या खाचांकडे बघत राहिली. कपड्यातला दोष बघताना बघते तशी, कुठून सुटलंय ते शोधत. मग म्हणाली, “मग आता सगळं उसवा. पहिल्यापासून माप घ्या. या खेपेला मी पाठ करून उभी राहते.”

दोन आठवडे स्टिरॉइड अजिबात न घेता परत मोजलं. पाच पूर्णांक तीन. इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरबाईंनी आलेखाचा नवा कागद घेतला, लाल रेघ जुन्याच जागी मारली. ध्येय तेच आहे. आजार अजूनही गप्प होऊ शकतो, त्या म्हणाल्या, आणि झाला तर पुढचं हाड वाचेल. मागच्याबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत. जुनी फाइल कपाटात गेली. हिरव्या शाईवर त्यांनी रेघ मारली नाही, आम्हीच ठरवलं की ती नव्हतीच.

गेल्या आठवड्यात बँकेतले साहेब आले. बढती मिळाली होती आणि तेव्हापासून जेवायला वेळ मिळत नव्हता. तोच कोट पाठीत पोत्यासारखा झाला होता. आईने खडूने खुणा केल्या, मी टाचण्या लावल्या, कच्चे टाके घातले. ट्रायलला साहेब आरशासमोर उभे राहिले. पाठ अजून फुगलेली होती. आई सवयीने त्यांच्या मागे गेली. डावा हात त्या दिवशी जास्त सुजला होता म्हणून तिने उजवा पुढे केला, ढिलं कापड बोटांत घेतलं आणि मूठ मिटायला लागली.

मूठ मिटली नाही. अंगठा आला, शेवटची दोन बोटं आली, अंगठ्याजवळची दोन तशीच उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. कापड त्यांच्यामधून हळूच निसटलं आणि परत फुगलं. तिने पुन्हा घेतलं. पुन्हा निसटलं. आरशात मला साहेबांच्या खांद्यामागून तिचं अर्धं कपाळ दिसत होतं.

“मागे जरा ढिलं वाटतंय,” साहेब म्हणाले.

नेहमी ती म्हणते, बसणारच.

“हो,” आई म्हणाली. “ढिलं आहे.”

साहेब घाबरून गेले. घरी जाऊन जास्त जेवले असतील.

ते गेल्यावर आई गरम कपड्याखाली हात ठेवून बसली, दुपारचे तीन वाजलेले असताना. मी पाठ उसवायला घेतली. बाबा उठले. गल्ल्याच्या खणातून रेघांचा एक कागद काढला, डावीकडे चार बोटं जागा सोडून घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवला.

“अर्ज कर,” ते म्हणाले. वर्षभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.

“कुणाला, बाबा?”

“ते नंतर बघू. आधी विषय लिही.”

मी लिहिला. त्यांनी दोन ठिकाणी ‘बाबत’ घातलं, एका ठिकाणी माझा विनोद खोडला आणि एक राहू दिला. अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक, अथवा जे कोणी संबंधित असतील ते.

विषय: गेलेले सहा महिने व उजव्या हाताचे हाड मूळ मापानुसार परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या आईस स्टिरॉइड बंद आहे काय, अशी विचारणा झाली असता अर्जदाराने ‘हो, केव्हाच’ असे उत्तर दिले. सदर उत्तर ‘नाही’ असे वाचण्यात यावे, आणि त्या दिवशी टेबलावर काढून ठेवलेल्या कागदानुसार इंजेक्शन त्याच दिवशी सुरू झाले असे समजून पुढील सर्व कार्यवाही व्हावी. तपासणीच्या रेघेतील तीन मिलिमीटर आपल्या यंत्राकडे जमा आहेत, ते ठेवून घेण्यास हरकत नाही. हाडाच्या नमुन्यादाखल अर्जदाराचा उजवा हात सोबत हजर करण्यात येईल. तो कापण्याच्या कामास उपयोगाचा नाही, असे आईचे मत असून ते नोंदीवर घ्यावे.

तरी अर्जदाराच्या आईची मूठ मिटेल इतके हाड शक्य तितक्या लवकर मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.